मेविसबाईंची खिंड

नुकुहिफोच्या खिंडीतून मासेसुद्धा एकामागे एक, रांग धरून जातात असं म्हणतात. मासे रांग धरतात की नाही ते ज्याने त्याने बघून घ्यावं, पण खिंड अरुंद आहे यात वाद नाही. दोन्ही अंगांना पोवळ्याचे खडक, पाण्याखाली हातभर, नव्या वस्तऱ्यासारखे. मधे गडद निळ्या पाण्याची एक पट्टी. ती पार केली की आत मात्र पाणी असं निवांत की चहाच्या कपात चमचा वाजला तरी शेजारच्या बोटीवर ऐकू जावा. टोंगा बेटांच्या त्या कोपऱ्यात, वादळांचे महिने लागायच्या आधी, देशोदेशींच्या शीडबोटी जमतात. नांगर टाकून बसतात. संध्याकाळी एकमेकांच्या बोटींवर पेले रिकामे होतात आणि येताना वाटेत केवढाल्या लाटा लागल्या ते सांगितलं जातं. त्याच लाटा दर वर्षी थोड्या उंच होतात.

मेविस कॉट्रेलबाईंच्या लाटा सगळ्यांत उंच. कुणी हरकत घेत नसे, कारण बाई वयाने सगळ्यांत मोठ्या आणि जिभेने सगळ्यांत तिखट. त्यांची बोट ‘पुकेको’. न्यूझीलंडच्या दलदलीत लाल चोचीची एक निळी पाणकोंबडी असते, तिचं नाव. बोटीचं अंग निळं आणि नाक लाल. बाईंच्या नवऱ्याने, अर्नने, ती घरामागच्या अंगणात कौरी या तिकडच्या झाडाच्या लाकडातून बांधली होती, आणि बांधून झाल्यावर ती बाहेर काढायला घराची एक भिंत पाडावी लागली होती. अर्न जाऊन बरीच वर्षं झाली. भिंत पुन्हा बांधलीच नाही. बाई बोटीवरच राहायला गेल्या. बोटीला इंजिन आहे असं बाईंचं म्हणणं. ते नाताळच्या सुमाराला एकदा खोकायचं. बाकी वर्षभर सगळा कारभार वाऱ्यावर.

त्या वर्षी ऑकलंडहून बाईंची लेक फिलिपा आली. येताना परतीची दोन तिकिटं घेऊनच आली. पुकेकोला गिऱ्हाईक मिळालं होतं. ऑकलंडचा एक हॉटेलवाला बोट दारात उभी करून तिच्या पोटात दारूच्या बाटल्या मांडणार होता. हे ऐकल्यावर मेविसबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत, आणि बाई बोलत नाहीत हे पाहून शेजारच्या बोटीवरचे लोक घाबरून बाहेर आले.

फिलिपाचं म्हणणं साधं होतं. इंजिन मेलेलं, आईचे गुडघे गेलेले, आणि सोबतीला कुणी नाही. एकटीला आता झेपत नाही हे आईने मान्य करावं.

“झेपत नाही?” बाई म्हणाल्या. “उद्या शनिवार. मी एकटी बाहेर जाते आणि शिडावर खिंडीतून आत येते. कुणाचा दोर नको, हात नको, सल्ला तर नकोच नको. आले तर विकायचं नाव पुन्हा काढायचं नाही. नाही आले तर तुझं तिकीट आणि मी.”

“आणि खडकावर चढलीस तर?”

“तर हॉटेलवाल्याला सांग, अर्धीच बोट मिळेल.”

ठरलं. फिलिपा त्या रात्री टॉर्बेनच्या बोटीवर झोपायला गेली. टॉर्बेन डेन्मार्कचा, साठीचा, भला माणूस. त्याची जोडबोट म्हणजे दोन पोटांचं पांढरंशुभ्र प्रकरण, आणि ती नेमकी खाडीच्या मधोमध पसरलेली.

शनिवारी सकाळची हजेरी झाली. ही या लोकांची रीत आहे. रोज सकाळी रेडिओवर एकेका बोटीचं नाव पुकारायचं, आणि जिने उत्तर दिलं नाही तिच्याकडे कुणीतरी वल्हवत जाऊन बघायचं. पुकेकोचं नाव आल्यावर बाईंनी हजर म्हणून सांगितलं आणि वर बजावलं की आज आपल्या मागे कुणी यायचं नाही. मग माइक बाजूला टाकला, नांगर काढला, शीड चढवलं, आणि वाऱ्याला पाठीशी घेऊन खिंडीतून बाहेर पडल्या. बाहेर जाणं सोपंच. वाराच बाहेर ढकलतो. खरी परीक्षा आत येताना.

आता जे झालं ते असं. बाहेर लाटांवर बोट हलायला लागली तेव्हा तो बाजूला टाकलेला माइक घरंगळत सुकाणूपाशी आला आणि बाईंच्या उशीखाली शिरला. बाई उशीवर बसल्या. माइकच्या कडेला बटण असतं. ते दाबलेलं असेपर्यंत आपलं बोलणं सगळ्यांना ऐकू जातं आणि दुसऱ्या कुणालाही मधे तोंड घालता येत नाही. एकटं राहणाऱ्या प्रत्येक खलाशासारखी बाईंना बोटीशी बोलायची सवय होती. पुढे खाडीतल्या सगळ्या बोटींवर, आणि किनाऱ्यावर, गावात पाव भाजणाऱ्या कालोलाइनेच्या स्वयंपाकघरातसुद्धा, बाईंचा शब्द न् शब्द घुमत राहिला. बाईंना याचा पत्ता नव्हता.

“चल गं बाई,” त्या पुकेकोला म्हणाल्या. “त्या टॉर्बेनला दाखवू बोट कशी असते ती. त्याचं ते तरंगतं हॉटेल. आत दोन संडास आणि खलाशी एकही नाही.”

टॉर्बेनच्या बोटीवर फिलिपाच्या हातातली कॉफी हिंदकळली. टॉर्बेनने, हे पुढे त्यानेच सगळ्यांना सांगितलं, उठून दोन्ही संडासांची दारं हळूच लावून घेतली.

ओहोटी सुरू व्हायला वेळ होता आणि आत शिरायची वेळ हीच होती. पण सूर्यावर ढग आलेला. ऊन नसलं की पाणी सगळीकडे सारखंच करडं दिसतं, खडक कुठला आणि खोल पाणी कुठलं ते कळत नाही. बाई खिंडीच्या तोंडाशी येरझाऱ्या घालत राहिल्या आणि ढगाला बोल लावत राहिल्या. त्या रिकाम्या वेळात त्यांनी सगळ्यांचा हिशोब घेतला. फ्रेंच लोइक रात्री अकॉर्डियन वाजवायला बसला की शार्कसुद्धा परगावी जातात. कालोलाइने गावातली सगळ्यांत प्रेमळ बाई खरी, पण तिचा पाव दोराला बांधला तर नांगराचं काम करील. एखादी सोडली तर खाडीत नांगर टाकलेली एकही बोट त्या दिवशी सुटली नाही. आणि गंमत अशी की माणसं रागवायच्या ऐवजी आपली पाळी कधी येते म्हणून रेडिओशी कान लावून बसली होती.

“आता बाजूला हो,” बाई ढगाला शेवटचं म्हणाल्या, “नाहीतर मी वर येते.”

ढग बाजूला झाला. याला खाडीतल्या सगळ्यांची साक्ष आहे.

पाणी उजळलं. डावीकडे तपकिरी, उजवीकडे तपकिरी, मधे निळं. वारा समोरून, डाव्या अंगाला जेमतेम वाकडा. अजून दोन अंगुळं पुढे सरकला असता तर शीड भरलंच नसतं. बाईंनी शिडाचा दोर पोटाशी ओढून घेतला आणि पुकेकोचं लाल नाक निळ्या पट्टीत घातलं. कौरीचं जुनं लाकूड करकरलं. बोट कलली आणि पळाली.

“अस्सं. अर्न, बघतोयस ना? तुझी बोट आहे. बाटल्या ठेवायला निघालेत तुझ्या बोटीत.” बाईंचा आवाज उतरला. “पोरीचं काही चुकत नाही रे. काळजी आहे तिला. तिला वाटतं, इथे मला काही झालं तर कुणाला कळणार. पण ती मला ठेवणार त्या ऑकलंडच्या सातव्या मजल्यावरच्या खोलीत मला काही झालं तर कुणाला कळणार आहे? तिथे शेजारच्याचं नावसुद्धा माहीत नसतं. इथे निदान सकाळची हजेरी असते. एक दिवस ‘हजर’ म्हटलं नाही तर तो संडासवाला माझा दरवाजा फोडायला येईल. वाटेत दोनदा पाण्यात पडेल, पण येईल.”

टॉर्बेनच्या बोटीवर फिलिपाने रेडिओचा आवाज वाढवला.

“आणि पोरीला काय सांगायचं? एवढीशी असताना हीच डोलकाठीवर चढून बसायची. ‘आई, डावीकडे तपकिरी,’ म्हणून वरून ओरडायची. कधी चुकली नाही. तुझ्यापेक्षा नजर चांगली तिची. तू दोनदा चुकलास, अर्न, आणि दोन्ही वेळा नकाशावर खापर फोडलंस.”

इथे वारा पडला.

खिंडीच्या अर्ध्या वाटेवर माडांनी भरलेलं एक बेटुकलं आहे, आणि त्याच्या आडोशाला वारा असा गायब होतो की जणू कुणी दार लावलं. एरवी पळती बोट आपल्या वेगावर तेवढं अंतर काढते. त्या दिवशी प्रवाह जरा आधीच फिरला. पुकेको मंदावली, थांबली, आणि आडवी होऊन तपकिरी पाण्याकडे सरकू लागली. शीड लुळं. बाईंनी सुकाणू हलवून पाहिलं. न चालणाऱ्या बोटीचं सुकाणू म्हणजे नुसतं लाकूड. खडकावर पसरलेल्या पोवळ्याचे फाटे आता एकेक करून मोजता येत होते.

बाईंनी मान वर केली तेव्हा, शीड माडांआडून बाहेर येईना म्हणून निघालेल्या दोन रबरी होड्या आतल्या बाजूने पाणी उडवत येताना दिसल्या. एकीत टॉर्बेन, दुसरीत लोइक, दोघांच्याही हातांत दोर.

“आले,” बाई पुकेकोला म्हणाल्या. “दोर फेकूच देत. कोयता आहे माझ्याकडे. जो फेकील त्याचा दोर तोडीन, आणि उद्या देवळात त्याच्या नावाने मोठ्याने प्रार्थना करीन, सगळ्या गावासमोर.”

होड्या जागच्या जागी थांबल्या. टॉर्बेनच्या कमरेला लावलेल्या लहान रेडिओतून त्याला हे सगळं खणखणीत ऐकू आलं होतं. बाईंना मात्र वाटलं, आपल्या चेहऱ्याकडे पाहूनच थांबले. त्यांना बरं वाटलं. असा चेहरा अजून जमतो म्हणायचा.

मग त्यांनी जे केलं ते पाहणारे दोघेच, आणि दोघांच्या सांगण्यात मेळ नाही. लोइक म्हणतो, बाईंनी लांब वल्हं घेतलं, मागच्या कठड्याला टेकवलं, आणि उभ्याने, गुडघे गेलेल्या त्या बाईंनी, ती अवजड लाकडी बोट रेटून रेटून खडकापासून बाजूला नेली. टॉर्बेन म्हणतो, त्यांनी वल्हं घेतलं ते खरं, पण बोट त्यांच्या शिव्यांनी हलली. उभ्या होत्या तर माइकचं बटण सुटायला हवं होतं. पण उशीवर त्यांनी कोयता ठेवला होता, आणि तो पुरेसा जड होता. शिव्या सगळ्यांनी ऐकल्या. त्यातल्या काही कालोलाइनेच्या नातवंडांना अजून पाठ आहेत.

खडक हातभर मागे राहिला. माडांच्या आडून पहिली झुळूक आली, शिडाने कूस बदलली, आणि पुकेको चालायला लागली.

आता एकच काम उरलं होतं, आणि ते खिंडीइतकंच कठीण. शिडावर आलेल्या बोटीला थांबायचं असेल तर नाक वाऱ्याकडे फिरवावं लागतं, आणि फिरवायला जागा लागते. खाडी बोटींनी भरलेली.

“तिथे वळले असते,” बाई पुटपुटल्या, “पण मधोमध ते हॉटेल बसलंय. ते तेवढं सरकलं असतं तर.”

हॉटेल सरकलं. नांगराची साखळी खडखडत वर आली, आणि टॉर्बेनची जोडबोट, तिच्यावर एकटी फिलिपा, हळूच बाजूला झाली.

बाईंनी डोळे चोळले. “आणि तो लोइकचा हिरवा डबा? थोडा मागे गेला तर सोन्याहून पिवळं.” हिरव्या बोटीवर लोइकच्या बायकोने साखळी सैल सोडली, आणि डबा मागे गेला.

बाईंनी आभाळाकडे पाहिलं. “अर्न,” त्या अगदी हळू म्हणाल्या, “तूच ना हे?”

या प्रश्नाला रेडिओवर उत्तर देता येत नव्हतं, आणि येत असतं तरी त्या खाडीत कुणी दिलं नसतं.

पुकेको आत आली, मोकळ्या पाण्यात डौलात वळली, शीड फडफडलं, बाईंनी नांगर सोडला. त्याने तळ पकडला. बाई मागे आल्या, उशीवरचा कोयता उचलला. माइकचं बटण वर आलं, रेडिओ खरखरला, आणि त्यातून एकाच वेळी अख्ख्या खाडीचा आवाज बाहेर पडला. भोंगे, शिट्ट्या, भांडी, आणि त्या सगळ्यावर कालोलाइने: “अगं मेविस, माझा पाव नांगर, काय?”

बाईंनी उशी उचलली. माइककडे पाहिलं. खाली बसल्या.

अभिनंदन करायला आलेल्यांना वाटलं होतं, बाई लाजतील. लाजायचं बाईंच्या रक्तात नव्हतं. त्यांना भलतंच लागलं. फिलिपा चढून वर आली, डोळे लाल, आणि काही बोलायच्या आधीच बाईंनी हात वर केला.

“हे धरायचं नाही. वाट मोकळी केलीत तुम्ही. ती मदत झाली.”

“आई, वाट तर कुणीही देतं.”

“मी मागितली आणि मिळाली. ठरलं होतं काय? मदत नाही. सगळ्यांनी होते तिथे परत जा. मी पुन्हा येते.”

फिलिपाने सांगून पाहिलं की ती हरली, तिने मान्य केलं, ती तिकीट फाडून टाकते. बाईंनी ऐकलं नाही. दुसऱ्याने हार मानली म्हणून जिंकणं वेगळं आणि आत येणं वेगळं.

पण दुसऱ्या दिवशी रविवार, आणि टोंगात रविवारी बोट तर सोडाच, वल्हंसुद्धा पाण्याला लावत नाहीत. माणसं देवळात जातात, गातात, जेवतात आणि झोपतात. बाईंना अख्खा दिवस गावात काढावा लागला, आणि त्यांनी ज्यांना ज्यांना नावं ठेवली होती त्यांनी तो कारणी लावला. टॉर्बेनने शर्टावर मोठ्या अक्षरांत लिहून आणलं होतं: दोन संडास, खलाशी नाही. लोइक जेवणभर बाईंच्या मागे उभा राहून अकॉर्डियन वाजवत होता आणि मधूनमधून समुद्राकडे पाहून शार्क गेले का म्हणून विचारत होता. जमिनीतल्या भट्टीतून अळूच्या पानांत बांधलेलं, नारळाच्या दुधातलं मांस आलं, आणि त्याच्यामागून कालोलाइने आली. तिने बाईंच्या पुढ्यात एक पाव ठेवला. पावाला दोर बांधलेला, खलाशी बांधतात तश्शा गाठीने.

“तुझा नांगर घसरला तर हा टाक,” ती म्हणाली.

बाईंनी पाव वाजवून पाहिला. “हा तर टिकेल,” म्हणाल्या, आणि अर्धा खाल्ला. ज्या बोटीचं नाव घ्यायला बाई विसरल्या होत्या तिचा मालक मात्र दिवसभर तोंड पाडून बसला होता.

सोमवारी सकाळी हजेरी झाली. बाईंनी रेडिओची तारच उपटून ठेवली. सगळ्या बोटी आपापल्या जुन्या जागी. टॉर्बेनची जोडबोट मधोमध, पहिल्यासारखी पसरलेली, आणि तिच्या नाकावर फिलिपा, हातात रबरी फुगा घेऊन. दोन बोटी घासू नयेत म्हणून मधे धरतात तो फुगा. या खेपेला खाडीत कुणालाही काही ऐकू आलं नाही. नुसतं बघायचं होतं. किनाऱ्यावर गाव उभं होतं, आणि माडांवर पोरं.

निळी पाणकोंबडी खिंडीच्या तोंडाशी दिसली. ऊन लख्ख. प्रवाह झोपलेला. बाईंनी या वेळी माडांच्या बेटुकल्याआधीच बोटीला असा वेग दिला होता की आडोशातला वारा गेला काय आणि आला काय, पुकेकोला कळलंच नाही. ती आत आली आणि बाणासारखी गर्दीत शिरली. लोइकच्या हिरव्या डब्याला वळसा घातला. मग जोडबोटीच्या कडेने, इतक्या जवळून की माय-लेकींनी एकमेकींचे हात धरले असते तरी चाललं असतं. फिलिपाने फुगा खाली सोडला होता.

“तो वर घे,” बाई म्हणाल्या.

“आई, घासेल.”

“घासू दे. मदत नको म्हटलंय.”

फिलिपाने आईकडे एकदा पाहिलं आणि फुगा वर ओढून घेतला. मग, हात पाठीमागे बांधलेले असताना, तिला राहवलं नाही. ती म्हणाली, “डावीकडे पांढरं आहे, आई. ऐसपैस.”

“दिसतंय मला,” बाई म्हणाल्या, आणि हसल्या.

लाकूड पांढऱ्या कडेला घासून गेलं, लांबलचक, कर्रर्र. पुकेको पलीकडे निघाली, नाक वाऱ्याकडे फिरलं, शीड फडफडलं, नांगर पडला. जागा बोटीच्या लांबीएवढी होती आणि बोट तिच्यात बरोबर मावली. कालोलाइनेने गाणं उचललं, रविवारचं, आणि बाकीच्यांनी ते सोमवारी म्हणायला काही हरकत घेतली नाही.

फिलिपा एकाच तिकिटावर ऑकलंडला गेली. हॉटेलवाल्याला तिने काय सांगितलं ते छापता येण्यासारखं नाही. शब्द आईचे होते, शनिवारी पाठ केलेले.

टॉर्बेनच्या पांढऱ्या जोडबोटीवर निळ्या रंगाचा तो ओरखडा अजून आहे. दर वर्षी तो बोट किनाऱ्यावर ओढतो, सगळीकडून घासतो, रंगवतो, आणि तेवढी रेघ सोडून देतो. नवी बोट खाडीत आली की पहिल्याच संध्याकाळी नवख्यांना रबरी होडीत घालून ती दाखवायला नेतो. ती रेघ दर वर्षी थोडी लांब होते. त्याचंही तिकडे कुणी मनावर घेत नाही.